उतारवयातही नजर शाबूत राहावी म्हणून

गाजर, बदाम आणि जाहिरातीतल्या गोळ्या यांच्यापलीकडे डोळ्यांचे खरे पोषण कशात आहे, आणि कोणते काम आहारावर सोडून चालत नाही?

मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाचा आणि नजरेचा संबंध भाषेनेच असा कायमचा जोडून ठेवला आहे. त्या सुमारास सुई ओवताना दोरा दहा वेळा चुकतो. तांदूळ निवडताना खडा नजरेतून निसटतो. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचायची तर बाटली हातभर लांब धरावी लागते. मग घरात उपायांना सुरुवात होते. कोणी गाजराचा रस सुचवते, कोणी रात्री भिजवलेले बदाम, तर कोणी बडीशेप आणि खडीसाखर. शेजारीण एखाद्या गोळीची जाहिरात कापून आणून देते. चष्मा लागला म्हणजे खाण्यात काहीतरी कमी पडले असणार, असे सर्वांनाच वाटत असते.

या समजुतीत तथ्य आहे आणि घोटाळाही आहे. चाळिशीत जवळचे दिसेनासे होते ते डोळ्यातले भिंग वयोमानानुसार ताठर होत गेल्यामुळे. कोणत्याही रसाने किंवा सुक्यामेव्याने ते पुन्हा लवचीक होत नाही. त्यावर साधा उपाय चष्मा, आणि तो लावण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत जे विकार नजर खरोखर हिरावून घेऊ शकतात, त्यांतल्या काहींशी रोजच्या ताटाचा निश्चित संबंध आहे. म्हणून लक्ष द्यायचे ते चष्म्याच्या नंबराकडे नव्हे, या पुढच्या वर्षांकडे.

गाजराची कीर्ती

डोळे म्हटले की गाजर, हे समीकरण जगभर रूढ आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धातील एका प्रचाराचा मोठा हात आहे. १९४० च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने अचूक टिपू लागले. जॉन कनिंगहॅम हा त्यांच्यातला नावाजलेला वैमानिक. ही मंडळी भरपूर गाजरे खातात म्हणून त्यांना अंधारात दिसते, असे त्या वेळी पसरवण्यात आले. खरे कारण होते विमानात बसवलेले नवे रडार.

तरीही गाजराची थोरवी अगदीच खोटी नाही. दृष्टिपटलातील ज्या पेशी मंद प्रकाशात काम करतात, त्यांच्यातले रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून तयार होते. हे कार्य उलगडून दाखवणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अ जीवनसत्त्व कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. कमतरता तीव्र झाली तर बुबुळ कोरडे पडून फुटू शकते. आपल्या देशात एके काळी असंख्य लहान मुलांची दृष्टी अशी गेली. म्हणूनच १९७० साली भारत सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याचा कार्यक्रम सुरू केला.

पण ज्या प्रौढ व्यक्तीला दूध, भाज्या, पपई, आंबा, लाल भोपळा यांतून हे जीवनसत्त्व पुरेसे मिळते, तिने वर आणखी पेलाभर गाजराचा रस प्यायला म्हणून तिची नजर तीक्ष्ण होत नाही. भरलेल्या माठात कितीही पाणी ओतले तरी ते वाहूनच जाणार. गाजरे अति खाल्ली तर तळहात पिवळसर दिसू लागतात, एवढेच. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनाने घेणे धोक्याचे आहे. जास्तीचे जीवनसत्त्व यकृतात साठून अपाय करते आणि गर्भवतीच्या पोटातील बाळालाही त्यापासून धोका असतो.

हिरव्या पानांत दडलेला पिवळा रंग

उतारवयातल्या डोळ्यांसाठी गाजराहून मोलाची गोष्ट भाजीवालीच्या टोपलीत असते, ती म्हणजे हिरवी पालेभाजी.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा एक पिवळसर ठिपका असतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, शिवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात. त्याचा पिवळा रंग ल्युटीन आणि झियाझँथीन या दोन रंगद्रव्यांमुळे असतो. प्रकाशातील निळे, तीव्र किरण ती शोषून घेतात. जणू डोळ्याच्या आत बसवलेला उन्हाचा चष्माच! गंमत अशी, की ही रंगद्रव्ये शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात.

वय वाढते तशी काही जणांच्या पीतबिंदूची झीज होते. कडेचे दिसते, पण नेमके मधले पुसट होते. दारात उभा असलेला माणूस दिसतो, पण तो कोण ते कळत नाही. १९९४ साली अमेरिकेत जोहाना सेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीव्र झिजेच्या ३५६ रुग्णांचा आहार झीज नसलेल्या ५२० व्यक्तींच्या आहाराशी ताडून पाहिला. भाज्याफळांतील या वर्गाची रंगद्रव्ये ज्यांच्या आहारात सर्वांत जास्त होती, त्यांच्यात या विकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळला. त्यातही पालकासारख्या गर्द हिरव्या पाल्याचा संबंध सर्वांत ठळक होता. अशा अभ्यासातून पालेभाजी हेच कारण, असे शंभर टक्के सिद्ध होत नाही. पालेभाजी खाणारी माणसे इतरही बाबतींत तब्येतीला जपणारी असू शकतात. पण नंतरच्या अनेक अभ्यासांचा कलही त्याच बाजूला राहिला आहे.

पालक आवडत नसेल तरी बिघडत नाही. मेथी, माठ, चाकवत, अळू, अंबाडी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांतही हे गुण आहेत. दिल्लीत राहणाऱ्या मराठी घराला सरसोंचा साग मिळेल, बडोद्यात मेथी, कोलकात्यात नाना तऱ्हांचे शाक आणि चेन्नईत शेवग्याचा कोवळा पाला. पिवळा मका आणि अंड्यातला पिवळा बलक यांतही ही रंगद्रव्ये असतात. बलकातली तर शरीराला सहज घेता येतात, कारण तिथे स्निग्धांश सोबत असतो.

स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीने हा मुद्दा ध्यानात ठेवावा. ही रंगद्रव्ये तेलातुपात विरघळतात. म्हणून नुसती उकडलेली पाने किंवा तेलाचा थेंबही नसलेली कोशिंबीर यांतून ती फारशी अंगी लागत नाहीत. चमचाभर तेलाची लसणीची फोडणी, कोशिंबिरीवर दाण्याचे कूट, वरणभातावर थोडे तूप या आपल्या जुन्या रीती इथे उपयोगी पडतात. चमचाभर म्हणजे चमचाभरच. तेलात पोहणारी भाजी नव्हे.

मोतीबिंदू: पेरू कामी आला, गोळी नाही

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच निघाले. त्याचा वाटा सुमारे ६६ टक्के होता.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या पारदर्शक भिंगाचे गढूळ होणे. या भिंगाभोवतीच्या द्रवात क जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात असते आणि ते भिंगाची झीज रोखायला मदत करते, असे मानले जाते. भारतात गुडगाव आणि पुदुच्चेरी परिसरातील साठीपुढच्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त, त्यांच्यात मोतीबिंदूचे प्रमाण कमी, असे त्यात दिसले. त्याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे उत्तरेकडच्या गटातील सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडच्या गटातील सुमारे ४६ टक्के वृद्धांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरताच होती. ज्या देशात आवळा आणि पेरू झाडांना लगडतात, त्या देशातली ही स्थिती!

मग क जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर? तेही करून पाहण्यात आले आहे. दक्षिण भारतातल्या खेड्यांत ३५ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे आठशे लोकांना क आणि ई जीवनसत्त्वे व बीटा कॅरोटीन आठवड्यातून तीनदा, असे पाच वर्षे देण्यात आले. २००६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या वाढीत काडीचाही फरक पडला नव्हता. याचा अर्थ एवढाच, की आयुष्यभर खाल्लेल्या फळाभाज्यांची जागा काही वर्षे घेतलेली गोळी भरून काढू शकत नाही.

आणि एकदा दाट झालेला मोतीबिंदू कोणत्याही आहाराने, थेंबांनी किंवा मधाने विरघळत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच इलाज. तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची जुनी पद्धतही आता राहिलेली नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साखर आणि मीठ

डोळ्यांसाठी काय खावे, हे सगळेच विचारतात. काय कमी करावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. बराच काळ चढी राहिलेली साखर दृष्टिपटलावरच्या नाजूक रक्तवाहिन्या कमकुवत करते. त्या पाझरतात, फुटतात. सुरुवातीला ना दुखते, ना नजर कमी होते. रुग्णाला जाणवते तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

इथे मात्र आहार, व्यायाम आणि औषधे यांची ताकद पक्की सिद्ध झालेली आहे. इन्सुलिनवर असलेल्या १,४४१ मधुमेहींवर अमेरिका व कॅनडात झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल १९९३ साली जाहीर झाला. ज्यांनी साखर काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ साली ब्रिटनमधील प्रयोगाने दाखवले, की मधुमेहींनी रक्तदाबही काटेकोर ताब्यात ठेवला तर हा विकार बळावण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

म्हणजे चहातला दुसरा चमचा साखर, पाहुण्यांच्या निमित्ताने रोज होणारे गोडधोड, पांढरा भात नि मैद्याची बिस्किटे यांचा हिशेब डोळ्यांच्याच वहीत मांडायला हवा. तीच गोष्ट मिठाची. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ धरले तर बहुतेक घरांत हा आकडा केव्हाच ओलांडला जातो. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, डाळी आणि भाज्या यांनी अर्धे ताट भरले की साखर आपोआप सावकाश चढते. भाकरीही मोजूनच खायची, हे मात्र विसरू नये.

नसेची भूक

डोळ्यांनी टिपलेले चित्र मेंदूपर्यंत नेणारी नसही उपाशी राहू शकते. १९९२-९३ मध्ये क्यूबात अन्नटंचाईच्या काळात पन्नास हजारांहून अधिक लोकांना नसांचा विकार झाला. त्यांच्यातल्या अनेकांची दृष्टी मंदावली. ब गटातील जीवनसत्त्वांचा तुटवडा आणि जोडीला तंबाखू ही त्यामागची प्रमुख कारणे दिसून आली. लोकांना ही जीवनसत्त्वे देताच साथ ओसरली.

हे दूरच्या देशातले उदाहरण असले तरी त्यात आपल्यासाठी धडा आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ केवळ प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. शुद्ध शाकाहारी घरात दूध-दहीही बेताचेच असेल, तर त्याची कमतरता सहज होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते घटू शकते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा आणि रंग फिके दिसणे अशी लक्षणे असतील तर रक्ततपासणी करून घ्यावी. इथे डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन खरोखरच दृष्टी वाचवू शकते.

आणि तंबाखू? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत पीतबिंदूची झीज आणि मोतीबिंदू या दोन्हींचा धोका वाढतो. दहा प्रकारच्या पालेभाज्या खाऊन वर सिगारेट पेटवणे म्हणजे एका हाताने लिंपायचे आणि दुसऱ्या हाताने उकरायचे.

जाहिरातीतल्या गोळ्या कोणासाठी?

औषधाच्या दुकानात ‘डोळ्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या गोळ्या सगळ्यांसाठी नसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने २००१ साली दाखवले, की क व ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांचे ठरावीक मिश्रण पीतबिंदूची मध्यम झीज झालेल्यांमध्ये ती तीव्र होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी करते. ज्यांना झीज नाही किंवा नुकतीच सुरू झाली आहे, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवर तर परिणाम झालाच नाही.

२०१३ साली त्याच संस्थेने बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथीन वापरून पाहिले. ते तितकेच उपयोगी आणि अधिक सुरक्षित ठरले, कारण बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी धूम्रपान केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. माशांच्या तेलाच्या गोळ्यांनी मात्र जादा लाभ झाला नाही. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली ताटात घेणे, हे मासे खाणाऱ्या घराला स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. थोडक्यात, तपासणी करून डॉक्टरांनी सांगितले तरच गोळी, एरवी तेच पैसे भाजीबाजारात खर्च करावेत.

रोजच्या स्वयंपाकात काय करता येईल?

• रोज एक वाटी पालेभाजी. दर दिवशी शक्य नसेल तर पिठात मेथी किंवा शेवग्याचा पाला मळून पराठे, वरणात पालक, आमटीवर मूठभर कोथिंबीर.

• रोज एक आंबट किंवा ताजे फळ: पेरू, आवळा, संत्रे, मोसंबी, पपई. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून फळ कच्चेच खावे आणि लिंबू पदार्थ उतरवल्यावर पिळावे.

• भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवू नये. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी.

• ताटात रंग दिसू द्यावेत. हिरव्यासोबत लाल भोपळा, गाजर, टोमॅटो, पिवळा मका असावा.

• मूठभर शेंगदाणे, तीळ किंवा बदाम यांतून ई जीवनसत्त्व मिळते. बदाम परवडत नसतील तर मन खट्टू करण्याचे कारण नाही.

• रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी औषधे चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वाढणारीचे ताट

हे सारे वाचून बहुतेक गृहिणी नवऱ्याच्या डब्यात पालक आणि सासूबाईंच्या ताटात पपई वाढू लागतील. स्वतःच्या ताटात मात्र उरलेला भात आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेला भाजीचा रस. फळ कापले की पहिल्या फोडी मुलांना, नंतरच्या मोठ्यांना आणि तिच्या वाट्याला कोय! वर्षानुवर्षे असे चालले की त्याचा हिशेब साठीनंतर डोळे मागतात. चुलीच्या धुरात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यावर तर दुहेरी मार असतो. वर सांगितलेल्या भारतीय अभ्यासात लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्यांमध्ये क जीवनसत्त्वाची कमतरता अधिक आढळली होती. मिश्री लावणाऱ्या बायका तंबाखूच घेत असतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

भाजी करतानाच स्वतःची वाटी बाजूला काढून ठेवणे हा स्वार्थ नव्हे. घरातली सगळी बारीक कामे जिच्या नजरेवर चालतात, तिच्या नजरेची राखण घरानेच करायला हवी. सुना-मुलांनी ‘आई, तुम्ही फळ खाल्लेत का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

आहारावर सोडून चालत नाही

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की चांगला आहार धोका कमी करतो, संपवत नाही. काचबिंदू तर बहुधा गुपचूप येतो. डोळ्यातला दाब नसेला इजा करतो आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. त्याला पालकाची भाजी अडवू शकत नाही. वेळेवर सापडला तर थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने थोपवता येतो. ‘मी नियमित आवळा खाते, मला काय होणार?’ असे म्हणत तपासणी टाळणे हाच खरा धोका.

चाळिशीनंतर चष्म्याच्या दुकानातल्या नंबरावर समाधान न मानता दर एक-दोन वर्षांनी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा. मधुमेहींनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दर वर्षी पडदा तपासावा. घरच्या घरीही एक गोष्ट करता येते. जवळचा चष्मा लावून एक डोळा झाकावा आणि चौकटीच्या वहीकडे किंवा भिंतीवरच्या फरशांच्या रेघांकडे पाहावे, मग दुसरा डोळा झाकून पाहावे. सरळ रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग दिसला, एकाएकी काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो, म्हणून एकेक डोळा वेगळा पाहणे आवश्यक असते.

पालेभाजीची जुडी फार महाग नसते. सरकारी रुग्णालयातली तपासणीही खिशाला जड नाही. या दोन्ही गोष्टी आजपासून सुरू केल्या, तर सत्तरीत नातवंडांचे चेहरे त्यांच्या आवाजावरून ओळखण्याची पाळी बहुतेकांवर येणार नाही.